काडीचं लिव्हर

घरात दोन मुली होत्या. मोठी ढब्बू, धाकटी काडी. ही नावं कुणी पाडली ते आता कुणालाच आठवत नव्हतं. शाळेतली खरी नावं घरात फक्त कुणी चिडलं की ऐकू यायची. ढब्बूला तेरावं लागलं होतं आणि ती अंगाने भरलेली होती. काडीला दहावं लागलं होतं, आणि ती वाऱ्यात उभी राहिली तर वाऱ्याला पत्ताही लागणार नाही, असं तिची आत्या म्हणायची.

त्यामुळे घरात खाण्याचे कायदे दोन होते. ढब्बूने दुसऱ्यांदा भात घेतला की आई, बाबा आणि आत्या तिघंही एका सुरात "पुरे" म्हणायचे. काडीने काहीही मागितलं की तेच तिघं "घे गं, घे, तुझ्या अंगाला कुठे लागतंय" म्हणायचे. काडीने भाजी बाजूला सारली तरी चालायचं, कारण निदान रस तरी पितेय ना पोर! रसाच्या खोक्यावर फळाचं मोठं चित्र होतं, तेव्हा त्याच्याबद्दल शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. काडी सकाळी एक खोका संपवायची, शाळेतून आली की गार पेयाची बाटली, आणि रात्री क्रीमची बिस्किटं. ढब्बू समोर बसून काकडी खायची.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते स्वतः चांगले ऐसपैस होते, आणि दुरुस्तीनंतर लिफ्टची चाचणी घ्यायला त्यांना वेगळी वजनं लागत नाहीत, असा विनोद त्यांचा त्यांनीच केलेला होता. आई घरी शाळांचे गणवेश शिवायची. बैठकीच्या खोलीत बाह्या, कॉलर आणि बिनकमरेचे स्कर्ट असे पसरलेले असायचे, की पाहुण्याला बसायचं तर आधी एखादी शाळा उचलून बाजूला ठेवावी लागे. खाली, त्याच इमारतीत, आत्याचं केस कापायचं दुकान होतं. आत्या बाबांची मोठी बहीण, बाबांपेक्षाही रुंद आणि बाबांपेक्षा दसपट बोलकी. आणि दोन गल्ल्या सोडून मामा राहायचा. आईचा धाकटा भाऊ. तलावावर पोहायला शिकवायचा. त्याच्या अंगावर चिमटा काढायला मांस सापडत नसे, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

शाळेत तपासणी झाली, तेव्हा ढब्बूचं वजन जास्त निघालं. रक्त तपासा आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, असं सांगण्यात आलं. आईने शिवण बाजूला ठेवून लगेच सोनोग्राफीची वेळ घेतली. आत्याला राग आला. "मोठं हाड आहे आमच्याकडचं," ती म्हणाली. "सोनोग्राफीत हाड दिसतं का विचारा आधी." मामा मात्र म्हणाला, "ताई, मी कधीचा सांगतोय." तो कधीचा सांगत होता हे खरंच होतं. तो सगळ्यांनाच सगळं कधीचं सांगत असायचा.

सोनोग्राफीला ढब्बूला उपाशीपोटी न्यायचं होतं, आणि काडीला घरी एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून तिघी गेल्या. बाहेरच्या बाकावर भुकेने चिडलेली ढब्बू बसली आणि तिच्या शेजारी काडी नळीने रस ओढत बसली. खोका संपत आला की त्या नळीचा जो आवाज होतो, तो काडीने शक्य तितका लांबवला.

"आई, तिला सांग ना!"

"पिऊ दे गं. तिला थोडीच तपासायचंय."

आत खोलीत अंधार होता आणि गारठा होता. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई स्वभावाने गमत्या होत्या, पण ढब्बूला त्यातली एकही गंमत दिसेना. ती टेबलाजवळ जाऊन अडून बसली. पोट उघडं करायचं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं सगळ्यांनी त्या पोटाबद्दल बोलून ठेवलं होतं. आता एक परकी बाई ते पडद्यावर बघणार होती.

"काही दुखत नाही गं राणी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी दाखवते तिला!" काडी म्हणाली आणि कुणी हो म्हणायच्या आत टेबलावर चढून आडवी झाली. फ्रॉक वर करून, हात डोक्याखाली घेऊन, सुट्टीवर आल्यासारखी. "ताई बघ. असं झोपायचं. लावा ओ."

डॉक्टरबाई हसल्या. आईनेही मान डोलावली. त्यांनी काडीच्या पोटावर थंड जेल घातलं, काडी किंचाळली, हसली, आणि यंत्र पोटावरून फिरू लागलं. "हे बघ, ही तुझी किडनी. शेंगेसारखी दिसते की नाही? आणि हे तिच्या शेजारी..."

त्या थांबल्या. यंत्र पुन्हा मागे घेतलं. पुन्हा पुढे. पडद्यावर किडनी करडी दिसत होती आणि तिच्या शेजारचं सगळं दुधासारखं पांढरं.

"हिला काही त्रास होतो का?" त्यांनी आईला विचारलं. आवाजातली गंमत गेली होती.

"हिला? नाही हो. हिला काय होणार? तपासायचं मोठीला आहे."

"हो, ते करतेच."

मग ढब्बूची पाळी. बहीण जिवंत परत आलेली बघून ढब्बू चढली. डॉक्टरबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. एकदम स्वच्छ लिव्हर."

"कुणाचं?" आईने विचारलं.

"मोठीचं. लहानीच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. बऱ्यापैकी आहे."

आईने एकदा ढब्बूकडे पाहिलं, एकदा काडीकडे. "डॉक्टर, तुमची अदलाबदल झालीय."

"अहो, दोघी माझ्यासमोर झोपल्या होत्या."

"तरी पण एकदा यंत्र बघून घ्या."

डॉक्टरबाईंनी समजुतीने पुन्हा काडीला झोपवलं. पडदा पुन्हा पांढरा. त्यांनी मुलांच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. बाहेर पडताना ढब्बू हळूच म्हणाली, "म्हणजे मला काही नाही?" तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ती ते आत ढकलत होती. काडी आईचा हात धरून चालत होती. तिने रिकामा खोका कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण या वेळी नळीचा आवाज काढला नाही.

संध्याकाळी घरात कोर्ट भरलं.

"आमच्याकडे असलं काही नाही," आत्याने पहिलाच मुद्दा मांडला. "आमच्याकडे जे काही आहे ते बाहेर दिसतं. लपवाछपवी नाही. आत चरबी ठेवून वर बारीक दिसायचं, हे आमच्या रक्तात नाही."

"अक्का, आमच्याकडे तर चरबीच नाही," मामा म्हणाला. "यायची कुठून?"

"तेच म्हणते मी, मास्तर. कुठून आली?"

"अरे, पोरीचं काय ते बघा," बाबा मध्ये पडले. "कोण जिंकलं ते मागाहून ठरवू."

डॉक्टरांकडे मात्र सगळेच गेले. कुणाला घरी राहा म्हणायची सोय नव्हती. मुलांच्या लिव्हरचे डॉक्टर उंच, शांत आणि मिशाळ होते. दारातून एकामागून एक माणसं आत येताना पाहून त्यांनी विचारलं, "यातला पेशंट कोण?" काडीने बोट वर केलं.

त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, कंबर मोजली, मान वळवून पाहिली. आई कसंबसं म्हणाली, "यंदा हिच्या स्कर्टची कंबर मी दोनदा सैल केली. मला वाटलं कापड आटतंय."

"कापडाला बोल नका लावू," डॉक्टर म्हणाले. "आणि स्वतःलाही नका लावू. बारीक मुलात असं दिसलं की आम्ही आधी दुसरी कारणं शोधतो. काही जन्मजात आजार असतात, एकात तर लिव्हरमध्ये तांबं साठत जातं. काही विषाणू असतात, काही औषधं असतात. ती नाहीत अशी खात्री करू, मग बोलू."

खात्री व्हायला काही दिवस गेले आणि ते दिवस आईला फार जड गेले. तिने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बाबा मधल्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना धीर द्यायला गेले आणि त्या माणसांनीच त्यांना धीर दिला. काडीला नक्की काय चाललंय ते कळत नव्हतं. घरात कुणी ओरडत नव्हतं, एवढ्यानेच ती घाबरली.

अखेर डॉक्टरांनी बोलावलं. तांबं नाही, विषाणू नाही, त्या भीतीदायक आजारांपैकी काहीच नाही. आईचा जीव भांड्यात पडला. पण रक्तातली चरबी वाढलेली, इन्सुलिन वाढलेलं, आणि लिव्हरला किंचित सूज.

"आता सोपं करून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "गोड पेयातल्या साखरेचे दोन भाग असतात. एक भाग सगळं शरीर वापरतं. दुसरा बराचसा लिव्हरच्याच गळ्यात पडतो. रोज ढीगभर यायला लागला की लिव्हर त्याची चरबी करून टाकतं. खोक्यातला रस असो की गार पेय, लिव्हरला त्यात फार फरक दिसत नाही. चित्र त्याला दिसत नाही ना."

काडीने मान खाली घातली.

"पण मोठीचं?" आईने विचारलं. "ती तर... म्हणजे..."

"म्हणजे मी जाडी आहे," ढब्बूने मदत केली.

"तुझं शरीर जास्तीची चरबी कातडीखाली ठेवतं. तिथे लिव्हरला तेवढा त्रास नसतो. हिच्याकडे ती आतच राहते. शिवाय लिव्हरमधली चरबी मोकळी करायचं काम करणारी काही प्रथिनं असतात. काही माणसांत त्यातलं एक जन्मापासूनच बिघडलेलं असतं. ते चरबीच्या थेंबावर जाऊन बसतं, स्वतः काम करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही."

"असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो," आत्या म्हणाली.

बाबा मघापासून कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माल आत येतोय, पण बाहेर न्यायच्या लिफ्टचं दार कुणीतरी धरून ठेवलंय."

"बरोबर. आणि ते दार धरणारा आईवडलांकडून येतो. तुमच्या घराण्यात कुणाला लिव्हरचा त्रास होता का?"

आत्याने आईकडे पाहिलं आणि लगेच छताकडे पाहिलं.

"माझ्या वडलांना होता," आई म्हणाली. "त्यातच गेले."

"दारू घ्यायचे?"

"नाही," आई म्हणाली.

"हो," मामा म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आईचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. सडपातळ, नीटनेटके, कमी बोलणारे. पन्नाशीतच त्यांचं लिव्हर आकसलं, पोटात पाणी झालं, आणि सगळ्या ओळखीपाळखीत एकच कुजबुज सुरू झाली. लिव्हर आणखी कशाने जातं? चारचौघांत पीत नाही म्हणजे चोरून पीत असणार. आईचं लग्न ठरताना आत्यानेही आडून आडून तेच विचारलं होतं. आईने वडलांची बाजू कधी सोडली नाही. मामा तेव्हा शाळेत होता. तो वडलांचा पेला हुंगून बघायचा. वास कधी आला नाही, पण इतकी माणसं म्हणतात म्हणजे असेलच, असं त्याने ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून स्वतः पळायला, पोहायला आणि दुसऱ्यांना सांगायला लागला.

"दारू न पिताही असं होतं का?" आईने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"होतं. बारीक माणसालाही होतं. तुमच्या वडलांचं नक्की काय होतं हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही, बाई. पण तुम्ही जे वर्णन करताय ते याच्यात बसतं. मला आश्चर्य वाटणार नाही."

मामा भिंतीवरच्या हात धुवायच्या चित्राकडे बघत राहिला. ते चित्र त्याने त्या दिवशी फारच बारकाईने पाहिलं.

आत्याने घसा साफ केला. "डॉक्टर, हे कुणाकडून आलं त्याची तपासणी असते ना? करून टाका. एकदाचं कळू दे."

"असते, पण ती केलीच पाहिजे असं नाही. निकाल काहीही आला तरी उपाय तेच. गोड पेयं बंद, पळापळ जास्त, झोप नीट."

"उपाय करूच हो. पण आमच्या घरात शांतता हवी की नको?"

डॉक्टरांनी समोर बसलेल्या सगळ्या घरादाराकडे एकवार नजर टाकली आणि तपासणी लिहून दिली. काडीची, ढब्बूची, आईची आणि बाबांची.

निकालाच्या दिवशी आत्याने दुकान बंद ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, "या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. आईकडे एक बिघडलेली आहे, एक चांगली. वडलांकडेही एक बिघडलेली, एक चांगली. धाकटीला दोघांचीही बिघडलेलीच मिळाली. म्हणून तिला जास्त जपायचं."

"एक इकडून, एक तिकडून?" आत्याने विचारलं.

"अगदी."

"म्हणजे बरोबरी." आत्या खुर्चीत मागे टेकली. तिला हरल्यासारखं वाटत होतं की सुटल्यासारखं, ते तिलाच ठरवता येईना. "आणि मोठीला?"

"तिला दोन्हीकडून चांगली."

"अगं बाई! बिचारीला वाईट म्हणून कुणी काही दिलंच नाही!"

"हुरळून जाऊ नकोस हं," डॉक्टर ढब्बूला म्हणाले. "आज स्वच्छ आहे ते तसंच ठेवायचं. नियम दोघींना सारखेच." ढब्बूने मान हलवली. तिला आयुष्यात पहिल्यांदा सारखे नियम मिळत होते. अटीबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती.

त्या दिवशीच घरातून गोड बाटल्या आणि खोके हद्दपार झाले, बाबांच्या औजारांच्या पेटीत लपवलेल्या एका बाटलीसकट. बाबांनी ती पाना समजून ठेवली होती म्हणे.

काडीला हा सरळसरळ अन्याय वाटला. "पण मी बारीक आहे ना!" ती पुन्हा पुन्हा म्हणायची, जणू समोरच्याला ते दिसत नव्हतं. तिने दुधाला तोंड लावलं नाही, फळं सोलून तशीच ठेवली, आणि भाजीकडे असं पाहिलं की भाजीलाच अपराधी वाटावं. एका दुपारी तर ती ताट ढकलून पलंगावर उपडी पडली आणि मोठ्याने रडू लागली.

ढब्बू शेजारी जाऊन बसली. "झालं का?"

"तुला काय! तुला काही नाहीये!"

"मला इतकी वर्षं सगळे पुरे पुरे म्हणायचे, तेव्हा मी काय करायचे माहितीय? कपाटामागे जाऊन रडायचे. तू निदान पलंगावर रडतेयस."

काडीने डोकं वर केलं. "कपाटामागे? तू तिथे रडायचीस?"

"मग?"

"मला वाटायचं तू चोरून खायला जातेस."

"सगळ्यांना तेच वाटायचं," ढब्बू म्हणाली.

बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. बराच वेळ ते पुन्हा सुरू झालं नाही.

रात्री जेवताना आईने भाताचं भांडं सगळ्यांत आधी ढब्बूपुढे धरलं. "किती वाढू?" असं तिने विचारलं. आजवर हे तिने ढब्बूला कधी विचारलेलं नव्हतं. ढब्बूने घेतलं, खाल्लं, आणि आईने पुन्हा भांडं पुढे केलं तेव्हा म्हणाली, "पुरे." सवयीने "पुरे" म्हणायला उघडलेली बाबांची आणि आत्याची तोंडं तशीच उघडी राहिली. आईने भांडं खाली ठेवलं आणि ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवला.

काडीची पेयं घरात बंद झाली खरी, पण तिची जीभ अधूनमधून निळी दिसायची. हे कोडं आत्याने सोडवलं. काडी आता मामाकडे पोहायला जायची. एकदा तिला तलावावर सोडायला आत्या गेली, आणि पोहणं झाल्यावर मामाने आपल्या बाटलीतलं निळं पाणी झाकणात ओतून काडीला देताना तिने पाहिलं.

"मास्तर, हे काय?"

"अक्का, हे खेळाडूंचं असतं. पोहून आल्यावर ताकद भरून काढायला."

आत्याने चष्मा लावला आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. वाचता वाचता तिचा चेहरा खुलत गेला. "यात साखरच साखर आहे. तुम्ही दिवसाला किती पिता?"

"शिकवण्या असतील तशा... प्रत्येकीनंतर एक."

"चला."

"कुठे?"

"सोनोग्राफीला."

मामा हसला, मग चिडला, मग त्याने आपल्या पोटाचे सहाही उंचवटे दाखवले. आत्या म्हणाली, वरून दिसणाऱ्या गोष्टींवर आमच्या घरात आता विश्वास ठेवत नाहीत. शेवटी ती स्वतः आधी तपासून घेईल या अटीवर तो तयार झाला. आत्याच्या लिव्हरमध्ये थोडी चरबी निघाली. तिने ती मोठ्या मनाने मान्य केली. मग मामा टेबलावर चढला, आणि पडदा काडीच्या वेळी होता त्याहूनही पांढरा झाला.

आत्या हसेल असं मामाला वाटलं होतं. त्यासाठी त्याने दातही आवळून धरले होते. पण आत्या हसली नाही. बाहेर आल्यावर तिने त्याला बाकावर बसवलं, पाण्याचा पेला दिला, साधं पाणी, आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या वडलांबद्दल मी त्या वेळी बोलायला नको होतं. चूक झाली माझी. तुमच्या ताईलाही सांगणार आहे."

"अक्का, तुम्ही परक्या होतात," मामा म्हणाला. "मी तर पेला हुंगायचो."

मुलींच्या घरी येऊन त्याने दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या आईला, म्हणजे मुलींच्या आजीला, फोन लावला. आई आणि मुली फोनभोवती गोळा झाल्या. त्याने सगळं सांगितलं, अडखळत, डॉक्टरांच्या शब्दांत आणि मग आपल्या शब्दांत.

"मी त्यांच्या बुटात शोधायचे," पलीकडून आजी म्हणाली. "छत्रीत, गादीखाली, त्या मोठ्या भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटात. ते आपले खुर्चीवर बसून बघायचे आणि म्हणायचे, सापडली तर थोडी मलाही दे."

मामा हसायला लागला आणि हसता हसता त्याला पुढे बोलता येईना. फोन आईने घेतला. आजी रडत होती आणि हसतही होती, आणि मध्येच काडीला विचारत होती की भाजी खातेस का गं. काडी म्हणाली, "आता खाते." हे पूर्ण खरं नव्हतं, पण त्या रात्रीपुरतं ती खरं करायला तयार होती.

पुढे काही महिन्यांनी पुन्हा तपासण्या झाल्या. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी पडदा काडीकडे वळवला. किडनीशेजारचा पांढरेपणा कमी झाला होता, गेला नव्हता. लिव्हरची सूज उतरली होती. मिशाळ डॉक्टर म्हणाले की हे असंच चालू ठेवायचं, वर्षानुवर्षं, कंटाळा आला तरी. काडीने विचारलं की मोठी झाल्यावर ती दार धरणारी गोष्ट जाईल का. "ती जाणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तू माल कमी पाठवलास तर ती दार धरून करणार काय?" काडीला हे उत्तर आवडलं. घरी येईपर्यंत ती ते बाबांना समजावत होती, बाबांनी आधीच समजलंय असं सांगूनही.

व्यायामाचा प्रश्न मात्र आत्यासाठी शिल्लक होता. पळायला तिचे गुडघे नाही म्हणत होते, चालायला ती स्वतःच नाही म्हणत होती. मामा म्हणाला, "पाण्यात या." आत्याच्या मापाचा पोहायचा पोशाख कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून आईने गणवेश बाजूला सारून तो शिवला, गर्द लाल, मजबूत शिवणीचा.

तलावावर आत्या पायऱ्यांवरून एक एक पाऊल उतरली. उतरताना तिने काठावरच्या कठड्याला, मामाला आणि इमारतीतल्या सगळ्या शेजाऱ्यांना शिव्या घातल्या. पाणी गळ्याशी आल्यावर तिने मामाचा हात इतका घट्ट धरला की त्याचीच बोटं पांढरी पडली.

"आता मागे टेका," मामा म्हणाला. "मी धरलंय."

"सोडाल!"

"नाही सोडत."

आत्या मागे टेकली. मामाने हळूच हात काढून घेतला. आत्याला ते कळलंच नाही. ती डोळे मिटून, लाल पोशाखात, पाण्यावर आडवी पडून राहिली, आणि मग तिने एक डोळा उघडला.

"मास्तर, तुम्ही कुठे आहात?"

"मी इकडे काठाशी आहे. तुम्ही कधीच्या एकट्या तरंगताय."

"मी तरंगतेय?"

"अक्का, तुम्हाला बुडवायचं म्हटलं तरी माणसं आणावी लागतील. मला मात्र एक क्षण हातपाय थांबवले की तळ दिसतो."

आत्याने पाण्यावर पडल्या पडल्या या गोष्टीचा विचार केला आणि ती इतकी खूश झाली की हसण्याने तिच्याभोवती लाटा उठल्या. काठावर बसलेल्या ढब्बूने काडीकडे पाहिलं. काडीने नाक चिमटीत धरलं. दोघींनी एकदमच उडी मारली, आणि आत्याच्या तोंडात पाणी गेलं.